सभासदाचा मोबाइल आणि गावाची तक्रार



पूर्वी गावात कुणाबद्दल वावगे बोलले गेले, तर ते पारावर किंवा चावडीपुढे बोलले जाई. ऐकणारे दहा-पाच जण असत. त्यातले निम्मे दुसऱ्या दिवशी विसरत, उरलेले समजूत घालत. आता तेच बोलणे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर पडते, घटकाभरात मुंबई-पुण्याला कामाला गेलेल्या पोरांपर्यंत पोहोचते, आणि वर्षाने कुणी काढून दाखवले तरी जसेच्या तसे दिसते. लिहिणारा जर आपण निवडून दिलेला पंचायतीचा सभासद असेल, तर त्याच्या शब्दाला वजनही अधिक. मग तक्रार येते. ती कशी हाताळावी, याविषयी आज थोडे बोलू या.

समजा, एका गावात एकाच दिवशी दोन तक्रारी आल्या. पहिली सरपंचांची. एका सभासदाने गटावर लिहिले होते, ‘नळयोजनेचे पैसे आले, नळ मात्र कोरडे. आमचे सरपंच कागदावरचे पाणी पितात.’ दुसरी तक्रार एका विधवा बाईंची. त्याच सभासदाने घरकुलाच्या अर्जदारांची यादी आधार क्रमांक आणि बँकेच्या खाते क्रमांकांसकट टाकली होती, आणि खाली या बाईंच्या चारित्र्यावर व जातीवर दोन ओळी लिहिल्या होत्या. सरपंच पंचवीस सह्या घेऊन आले. बाई एकट्या आल्या. त्यांच्या हातात तो मजकूरसुद्धा नव्हता. शेजारणीच्या फोनवर त्यांनी तो पाहिला होता.

आता सांगा, यातली भारी तक्रार कोणती? आपल्याकडे बहुधा सह्यांची तक्रार भारी ठरते. बाईंना ‘जाऊ द्या हो, लोक विसरतील’ असे सांगून घरी पाठवले जाते. माझे म्हणणे असे, की इथेच आपली पहिली चूक होते. सरपंचांना राग आला आहे. बाईंचे नुकसान झाले आहे. राग आणि नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या तोलल्या पाहिजेत.

हा प्रश्न आपल्याच गावात उभा राहतो असे नाही, बरं का. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा प्रांत आहे. तिथेही आपल्या ग्रामपंचायतीसारख्या छोट्या संस्था असतात आणि सभासदांसाठी आचारसंहिता असते. मॅनोर्बियर नावाच्या गावातील एका सभासदाने आपल्या संकेतस्थळावर सहकारी सभासदांची आणि पंचायतीच्या कारभाराची टर उडवली. परगण्याच्या समितीने त्याला दोषी धरून ठपका ठेवला आणि प्रशिक्षण घ्यायला फर्मावले. अपिलातही तेच कायम झाले. पण 2012 सालच्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. लिखाण खोचक होते, चेष्टेचे होते, हे न्यायाधीशांनी मान्य केले. पण ते सार्वजनिक कारभाराविषयी होते, आणि कारभार हाती घेणाऱ्याने अशी टीका सोसण्याची तयारी ठेवली पाहिजे, असा त्याचा आशय.

मग सभासदाला सगळेच माफ काय? तसेही नाही. त्याच वेल्समध्ये 2014 साली दुसरे प्रकरण उच्च न्यायालयापुढे आले. ते मोबाइलवरच्या मजकुराचे नव्हते; परगणा परिषदेचा एक सभासद अधिकारी-कर्मचाऱ्यांशी कसा वागला, याचे होते. न्यायालयाने त्याची अपात्रता अडीच वर्षांवरून अठरा महिन्यांवर आणली, पण बहुतेक दोष कायम ठेवले. नोकरीत असलेल्या माणसाला सभासदासारखे उलट उत्तर देता येत नाही, म्हणून त्याला संरक्षण हवे, हा त्यामागचा विचार. आपले जिल्हा परिषदेचे शिक्षक, ग्रामसेवक यांना हे चटकन पटेल. तेही वर्तणूक नियमांनी बांधलेले असतात.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. आपला ग्रामपंचायत अधिनियम 1958 सालचा. तो झाला तेव्हा गावात दवंडी होती, मोबाइल नव्हता. तरी त्याचे 39 वे कलम आजही लागू पडू शकते. कर्तव्य बजावताना गैरवर्तन किंवा लांछनास्पद वर्तन केले, तर विभागीय आयुक्त सभासदाला पदावरून दूर करू शकतात. मात्र त्याआधी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी चौकशी केली पाहिजे आणि सभासदाला आपली बाजू मांडायची वाजवी संधी दिली पाहिजे. मासिक सभेत हात वर करून कुणा सभासदाला घरी बसवता येत नाही. उरण नगरपरिषदेच्या अध्यक्षांच्या प्रकरणात 2012 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला पदावरून काढणे ही गंभीर गोष्ट आहे. ती कायद्याच्या चौकटीत आणि न्यायाची रीत पाळूनच व्हावी.

तेव्हा तक्रार हाती आली, की चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली, नेमके शब्द कोणते? ‘त्याने वाईट लिहिले’ एवढ्यावर चौकशी उभी राहत नाही. पडद्याचा फोटो, ज्याला मुले स्क्रीनशॉट म्हणतात, तो घ्यावा. पण त्याच्या मागचे-पुढचे संदेश, तारीख, वेळ, गटाचे नाव आणि पाठवणाऱ्याचा क्रमांकही टिपून ठेवावा. मूळ संदेश ज्या फोनवर आहे, त्यावरून तो पुसू नये. प्रकरण न्यायालयात गेले, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाच्या 63 व्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्रही जोडावे लागते.

दुसरी, तो कोणत्या नात्याने बोलला? घरकुलाची यादी त्याच्या हाती सभासद म्हणून आली असेल, तर ती चव्हाट्यावर मांडणे हा पदाचा प्रश्न होतो. भाऊबंदकीचे भांडण त्याने घरच्या गटावर केले, तर तो बहुधा पदाचा प्रश्न नसतो.

तिसरी, कोणाबद्दल आणि कशाबद्दल? कारभारावर टीका असेल, तर सरपंचांनी हिशेब दाखवून उत्तर द्यावे. नळाला पाणी आले, की त्या चेष्टेतला दम आपोआप जाईल. पण धमकी, खाजगी माहिती, बाईमाणसाची बदनामी यांना टीका म्हणता येणार नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा तसा नसलेल्या माणसाने जातीवरून जाहीर अपमान केला, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाचे नाव, फोटो किंवा शाळा गटावर उघड करणे, मग ते कळवळ्याने का केलेले असेना, पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. अशा गोष्टी पंचायतीत मिटवायच्या नसतात. तिथे पोलिसांकडेच गेले पाहिजे.

चौथी, त्याचे म्हणणे काय? फोन मुलाच्या हातात होता, मजकूर दुसऱ्याचाच पुढे पाठवला, असे तो सांगेल. ऐकून घ्यावे, लिहून घ्यावे आणि पडताळावे.

उठसूट पोलिसात धावण्याचा परिणामही आपण पाहिला आहे. 2012 च्या नोव्हेंबरात पालघरला फेसबुकवरील बंदविषयीच्या मजकुरावरून दोन तरुण मुलींना अटक झाली. देशभर चर्चा झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66-अ हे कलमच रद्द झाले. तरी त्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि 2022 साली न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले.

शिक्षक मित्रांना शेवटी दोन शब्द. गावातले गट पुष्कळदा तुम्हीच चालवता, आणि तक्रारीचा अर्जही तुमच्याकडूनच लिहून घेतला जातो. गटातल्या एखाद्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला, म्हणून गट चालवणारा केवळ त्या नात्याने गुन्हेगार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली म्हटले आहे. त्याचा त्यात संगनमताचा हेतू असला पाहिजे. तेव्हा भीती सोडा. अर्ज लिहाल तेव्हा विशेषणे गाळा. तारीख, शब्द आणि झालेले नुकसान लिहा. सरपंचांच्या पंचवीस सह्यांच्या अर्जाला शांतपणे उत्तर द्या. आणि त्या बाई एकट्या आल्या, तर त्यांना बसायला सांगा, शेजारणीचा फोन मागवा, आणि त्यांचा अर्ज आधी लिहायला घ्या.