दिल्लीचा ज्येष्ठ आणि तान्ह्या मुलाची झोप
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आम्ही काही बोलावे अशी सूचना कार्यवाहांनी केली, तेव्हा त्यांच्या मनात दिल्लीतील मराठ्यांचा इतिहास किंवा पानिपत असा एखादा भारदस्त विषय असावा. उन्हाळ्यात तान्ह्या मुलाला कसे निजवावे यावर बोलतो, असे आम्ही म्हणालो तेव्हा ते क्षणभर स्तब्ध झाले. परंतु पानिपतावर बोलणारे पुष्कळ आहेत. लक्ष्मीबाई नगरात ज्यांनी ज्यांनी संसार थाटला, त्यांच्यापैकी बहुतेकांनी मे-जूनमधली एखादी तरी रात्र मुलाच्या उशाशी हातात पंखा घेऊन काढलेली आहे. त्या रात्रींचा वृत्तान्त कोणी लिहून ठेवलेला नाही.

आमची रात्र १९७८ च्या जूनमधली. थोरला मुलगा तीन महिन्यांचा होता. क्वार्टर वरच्या मजल्यावरचे, निजण्याच्या खोलीची एक भिंत पश्चिमेची. आमच्या मातोश्री राजापूरहून बाळंतपणासाठी आल्या होत्या आणि येताना स्वतःच्या हातांनी शिवलेला सारा बाळंतविडा घेऊन आल्या होत्या: टोपडी, कुंच्या, दुपटी, झबली. लहान मुलाला वारा बाधतो, ही त्यांची पक्की समजूत. कोकणात, जेथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत घरातले वाळत घातलेले कपडेही वाळत नाहीत, तेथे ती समजूत अगदीच निराधार म्हणता येणार नाही. त्यांनी पाळणा खिडकीपासून दूर, पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवविला. खाली मेणकापड, वर दुपटे, डोक्याला कुंची.

त्या रात्री मूल बराच वेळ रडले आणि मग रडायचे थांबले. आम्हांला वाटले, झोप लागली. सौ. पाजावयास उठली, तेव्हा ते तोंड उघडीना. अंग तापलेले, मान सैल. शेजाऱ्यांनी स्कूटर-रिक्षा आणली आणि आम्ही इस्पितळ गाठले. तेथल्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी औषधाला हात लावण्यापूर्वी आधी कुंची काढली, मग दुपटे सोडले, पंख्याखाली ओल्या फडक्याने अंग पुसावयास लावले आणि विचारले, "याला घरात नेमके कोठे निजवता?" भिंतीविषयी ऐकल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, की चुलीला पाठ लावून तुम्ही निजाल काय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मूल हसतखेळत घरी आले. मातोश्री मात्र दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुंच्या उसवावयास घेतल्या आणि त्या मऊ कापडाची बिनबाह्यांची झबली शिवली. त्यांना कोणी काही बोलले नव्हते. बोलावयास आम्ही तरी कोण शहाणे होतो? पाळणा त्या भिंतीशी उचलून ठेवणारे हात आमचेच होते.

त्या भिंतीचे गणित पुढे आम्हांला उमगले. विटांची भिंत ऊन लगेच आत सोडत नाही, ती ते साठवते. दुपारी तीनपासून सूर्यास्तापर्यंत बाहेरून तापलेल्या भिंतीची ऊब आतल्या अंगाला येऊन पोहोचावयास काही तास लागतात. म्हणजे बाहेर हवा निवू लागते त्याच सुमारास, रात्री नऊ-दहाला, ती आतून ऐन भरात असते. वरच्या मजल्यावर छताची लादीही हेच करते. मोठा माणूस कूस बदलतो, उठून गच्चीवर जातो, पाणी पितो. तीन महिन्यांच्या मुलाला पांघरूणसुद्धा दूर करता येत नाही. शिवाय त्याच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पसारा मोठा, म्हणून भोवतालची उष्णता ते आपल्यापेक्षा लवकर घेते, आणि घाम गाळून ती बाहेर टाकण्याची त्याची शक्ती मात्र अपुरी असते.

मजला किती महत्त्वाचा, याचा पुरावा अहमदाबादने दिला आहे. तेथे २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ अंशांवर गेला. महापालिकेच्या एका रुग्णालयात त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या काळात उष्णतेने आजारी पडलेली २४ नवजात बालके दाखल झाली. आदल्या वर्षी ती संख्या ८ होती. त्यानंतर प्रसूतिकक्ष खालच्या मजल्यावर हलविला गेला आणि २०११ मध्ये ती ४ वर आली. उन्हाळा दर वर्षी सारखा नसतो हे खरे, परंतु अभ्यासकांनी तपमानाचा हिशेब वेगळा करूनही खालच्या मजल्याचा गुण दिसून आला. कोणतेही नवे यंत्र नाही, केवळ जागेचा बदल! ज्यांची घरे वरच्या मजल्यावर आहेत त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. गच्चीला चुन्याची पांढरी सफेदी द्यावी, आणि मुलाचे अंथरूण पश्चिमेच्या भिंतीपासून दूर व जमिनीपासून फार उंच नसलेल्या जागी करावे. पडदा खिडकीच्या आतून लावण्यापेक्षा बांबूची चिक बाहेरून सोडावी. आतला पडदा काचेतून शिरून चुकलेले ऊन अडवू पाहतो, चिक ते दारातच परतविते. खिडक्या सकाळी लवकर मिटाव्यात आणि रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली म्हणजे समोरासमोरच्या उघडाव्यात.

आता कूलरविषयी. पुण्या-कोकणाकडच्या आम्हां मंडळींना हे यंत्र ठाऊक नव्हते, ते विदर्भातल्या मंडळींनी शिकविले. आम्ही पहिला लोखंडी कूलर घेतला तेव्हा थंडावा निसटू नये म्हणून दारे-खिडक्या गच्च बंद केल्या आणि तासाभरात खोलीची न्हाणी करून टाकली. शेजारच्या अमरावतीच्या वहिनी आल्या, नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अहो भाऊजी, हवा आत घ्यायची तर बाहेर जायला वाट नको का?" समोरची खिडकी त्यांनीच उघडली. कूलरचे सारे मर्म त्या एका वाक्यात आहे. कोरड्या लूमध्ये पाणी झपाट्याने वाळते आणि हवेतील उष्णता घेऊन जाते, आपल्या आजोळच्या वाळ्याच्या पडद्याचेच हे तत्त्व. पण ओलावलेल्या हवेला वाट मिळाली नाही, किंवा जुलैत पाऊस सुरू झाला, की पाणी वाळतच नाही. मग घाम अंगावर तसाच राहतो आणि मूल घामोळ्यांनी बेजार होते. पावसाळ्यात कूलरचे पाणी बंद करून नुसता पंखा चालविणे बरे.

कूलरची हवा थेट मुलावर सोडू नये. पाणी भरताना वीज बंद करावी आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, कारण रांगणारे मूल लोखंडी पत्र्याला हात लावल्यावाचून राहत नाही. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूने दहा हजारांवर लोक आजारी पडले आणि चारशेहून अधिक दगावले. तो डास घरातल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो. तेव्हापासून कूलर तपासावयास येणाऱ्या महापालिकेच्या माणसाला दारातून परत पाठविणे आम्ही सोडून दिले.

पाण्याचाच आणखी एक प्रश्न, आणि यावरून घराघरांत वाद होतात. सहा महिन्यांच्या आतल्या मुलाला वरचे पाणी द्यावे काय? देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे, की कडक उन्हाळ्यातही आईच्या दुधातले पाणी त्याला पुरते, फक्त पाजणे अधिक वेळा हवे. पाणी आईला भरपूर द्यावे. आजीबाई रागावतील, रागावू द्याव्यात. मुलाच्या अंगाचा अंदाज हातापायांवरून घेऊ नये, मानेला मागून किंवा छातीला हात लावून पाहावे. घामाने चिंब असेल तर एक कपडा कमी करावा. मूल मलूल झाले, दूध घेईनासे झाले, लघवी फारच कमी झाली किंवा अंग तापले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. वाटेतही त्याला गुंडाळू नये.

कोणी म्हणेल, आमच्या लहानपणी असे काही नव्हते, अंगणात बाजा टाकून निजत होतो. खरे आहे. १९७० च्या दशकात आपल्या या वस्तीतही हिरवळीवर मच्छरदाण्यांच्या रांगा लागत. पण आता रात्रींचा स्वभावच बदलला आहे. येथून फार दूर नसलेल्या सफदरजंग वेधशाळेत १९ जून २०२४ रोजी पहाटेचे किमान तपमान ३५.२ अंश नोंदले गेले. किमान! दिवसाच्या तापातून शरीर सावरते ते रात्रीच्या गारव्यात, तोच न मिळाला तर दुसरा दिवस मागची थकबाकी घेऊन उगवतो. अशा दिवसांत वातानुकूलन यंत्राला चैन म्हणणे आम्ही तरी बंद केले आहे.

मात्र त्यातही गंमत आहे. आमची नात नोएडाला एका उंच इमारतीत राहते. गेल्या उन्हाळ्यात गेलो तो यंत्र १८ अंशांवर आणि पोर दोन रजयांत! १ जानेवारी २०२० पासून ही यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावून विकली जावीत असा नियम आहे, आणि मुलाला त्याहून अधिक थंडी लागतच नाही. आम्ही सूनबाईंना म्हटले, २५ वर ठेवून बघा, झोत पलंगावरून वळवा आणि रजया माळ्यावर टाका. त्यांनी ऐकले, पण वीज गेल्यास काय करायचे, असे विचारले. त्यांच्या घरात हातपंखा नव्हता. मातोश्रींचा वाळ्याचा पंखा आमच्या ट्रंकेत होता, तो नेऊन दिला. पाण्यात बुडवून हलविला की अजूनही वास येतो.

या वस्तीत नव्याने बदलून आलेल्या ज्या दांपत्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांनी सभेनंतर कार्यवाहांकडे नावे द्यावीत. चिका बांधावयास दोन माणसे आणि एक शिडी लागते. शिडी मंडळाची आहे, आणि रविवारी सकाळी आम्ही मोकळे असतो.