चौकीतला अंगठा

(कार्यकर्ता शिबिरातलं भाषण. बोलले तसंच लिहून काढलं आहे.)



आयांनो, बाबांनो, भावांनो, मला अटकेबद्दल बोलायला सांगितलंय. कलमं मी थोडीच सांगणार. ती वकिलाला पाठ असतात. आपल्यावर वेळ येते तेव्हा काय करायचं, तेवढं आपल्याला पाठ पाहिजे.

वेळ कशी येते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. पेरणीच्या टायमाला गार्ड येतो, नांगर उचलतो आणि म्हणतो, चल, साहेबांनी बोलवलंय. माणूस जातो. चौकीत बसवून ठेवतात. सांज होते, रात्र होते. घरची बाई विचारायला गेली तर सांगतात, अटक नाही, नुसती चौकशी आहे. मग माझा साधा सवाल आहे. त्याला उठून घरी येता येतं का? येत नसेल तर ती अटकच झाली.

आणि अटक म्हटली की कशासाठी धरलं ते सांगावं लागतं, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. फक्त रस्त्याचा वेळ त्यातून वजा. हे घटनेच्या २२ व्या कलमात आहे, आणि घटना जशी पोलिसाला लागू तशीच फॉरेस्टवाल्यालाही लागू. त्यांचा जंगल कायदा १९२७ चा, इंग्रजांच्या वेळचा. त्यातही ६४ कलमात लिहिलंय की धरलेल्या माणसाला विनाकारण उशीर न करता मॅजिस्ट्रेटकडे नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्यात न्यायचं. चौकीत तीन-तीन दिवस लाकडं फोडायला लावायची, असं कुठल्याच कलमात नाही. नवरा सापडला नाही म्हणून बाईला नेऊन बसवायचं, हेही नाही.

म्हणून माणूस नेला की लगेच लिहा. शाळेतल्या पोराला लिहायला सांगा. किती वाजता नेलं, कोणी नेलं, बघणारं कोण होतं. घड्याळ नसेल तर मुक्कामाची एस.टी. यायच्या आधी की नंतर, तेवढं तरी लिहा. १९९६ साली डी. के. बसू यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अटकेच्या वेळीच तसा कागद करायचा, त्यावर वेळ आणि तारीख पाहिजे, घरच्या किंवा गावातल्या माणसाची साक्षीदार म्हणून सही पाहिजे. तो कागद मागा. देणार नाहीत, तरी मागा. मागितला हेसुद्धा वहीत लिहा.

आता अंगठ्याचं. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही, २०२४ पर्यंत ते जुन्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात होतं. हे आपल्यातल्या पुष्कळांनी ऐकलंय, आणि तिथेच फसगत होते. कारण फॉरेस्ट ऑफिसरला कोर्ट पोलीस धरत नाही. त्याच्यापुढे दिलेला जबाब आपल्याविरुद्ध वापरता येतो. म्हणजे पोलीस ठाण्यातल्या अंगठ्यापेक्षा चौकीतला अंगठा जड आहे. आरोपीला स्वतःच्या विरुद्ध बोलायची जबरदस्ती करता येत नाही, तेही घटनेतच आहे. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचाच नाही. लिहिलेला असेल तर म्हणायचं, वाचून दाखवा. कळलं नाही तर परत वाचा म्हणायचं. यात लाज कसली? सरकारी मराठी मला बारावी होऊनही दोनदा वाचावं लागतं.

मग म्हणतात, दंड भर, मिटवून टाकतो. ६८ कलमात तशी तडजोड आहे. पण ती करायला रेंजर किंवा त्याच्या वरचा, अधिकार दिलेला अधिकारी लागतो. गार्डाला तो अधिकार नाही. आणि पैसे घेतले की पावती द्यायची. कोंबडी दिली, तांदूळ दिले, त्याची पावती होत नाही, अन् पुढच्या पावसाळ्यात तोच गार्ड परत बांधावर उभा.

पावतीचा दुसरा उपयोग म्हाताऱ्या माणसांना चांगला ठाऊक आहे. १९७८ च्या शासन निर्णयात ३१ मार्च १९७८ च्या आधी कसलेल्या फॉरेस्ट जमिनी कायम करायचं ठरलं. चौकशीत विचारतात, तुम्ही कसत होता याला पुरावा काय? ज्याने दंड भरून पावती जपली तो ती पुढे करतो. ज्याच्याकडून कोंबडी नेली तो काय दाखवणार? म्हणून आजही पावती मिळाली की वाचून घ्या. गाव, कंपार्टमेंट नंबर, तारीख, कशाबद्दल दंड. आपण नांगरत होतो आणि पावतीवर लाकूडतोड लिहिली असेल तर तिथल्या तिथे बोला. नंतर ते कोणी दुरुस्त करत नाही.

कोर्टात नेल्यावर जामिनाचं संकट. जामीनदाराचा सातबारा मागतात. आपली जमीन फॉरेस्टच्या नावावर, म्हणूनच तर केस झाली, मग सातबारा आणायचा कुठून? माणसं भांडी गहाण ठेवून तालुक्याच्या दलालाला पैसे देतात. तसं करायच्या आधी जातमुचलक्यावर सोडा म्हणून अर्ज करा. १९७८ सालीच मोतीराम नावाच्या गवंड्याची केस सुप्रीम कोर्टात गेली होती. मॅजिस्ट्रेटने १०,००० रुपयांचा जामीन मागितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ जामीन चालेना. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १,००० रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर त्याला सोडायला सांगितलं, आणि गरिबाकडून असा जामीन मागण्यावर कडक ताशेरे मारले. वकिलाला ही केस सांगा.

वकील फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात आदिवासीला उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला पुरतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज द्यायचा. फुकटचा वकील कधी कधी तारखेला येत नाही, हेही खरं. आपण मात्र जायचं. आवणीची घाई असली तरी जायचं, नाहीतर वॉरंट निघतं, आणि मग खरोखरच आत जावं लागतं.

पुढच्या मीटिंगला घरातल्या जुन्या पावत्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणा. पेटीत, आढ्याला, कुठेतरी असतील. तालुक्याला जाऊन झेरॉक्स काढू. अस्सल पावती कुणाच्या हातात सोडू नका, संघटनेच्या माणसाच्याही नाही.