राष्ट्रीय उद्याने आणि गुरांची चराई



वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३५ अन्वये राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई आहे. अभयारण्यात मात्र मुख्य वन्यजीव रक्षकास चराईचे नियमन करता येते. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ मध्ये चराईबंदी अमलात येताच संघर्ष पेटला. पोलिसांच्या गोळीबारात ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासात आढळले, की म्हशींची चराई थांबल्याने पाणथळ जागी गवत माजले व पाणपक्ष्यांची अडचण झाली. कायद्याचे पालन झालेच पाहिजे. परंतु बंदीपूर्वी गावकऱ्यांशी विचारविनिमय आणि वैरणीची तजवीज झाली, तरच गुराखी हा वनरक्षकाचा सहकारी होईल.