ओरछ्याच्या छत्र्या आणि तेथील गिधाडे

मराठी श्रोत्यांपुढे झाशीचे नाव निघाले की १८५७ चे वर्ष आणि राणी लक्ष्मीबाई यांची आठवण आधी होते, आणि ते स्वाभाविकच आहे. झाशीचा किल्ला मात्र मराठ्यांच्या आधीचा. तो ओरछ्याच्या वीरसिंह देव बुंदेल्याने १६१३ मध्ये बांधविला. त्याची राजधानी ओरछा ही झाशीपासून सोळा-सतरा किलोमीटरवर, बेतवा नदीच्या काठी आहे. आज झाशी उत्तर प्रदेशात आणि ओरछा मध्य प्रदेशात मोडत असले तरी भूमी एकच : ग्रॅनाइटचे उघडे खडक, पातळ माती आणि पळस, सागवान व करधई यांचे रान. करधई हा धावड्याचा भाऊबंद. उन्हाळ्यात तो वाळक्या काटक्यांच्या भाऱ्यासारखा दिसतो. आणि पाऊस येण्यापूर्वी हवा नुसती दमट झाली तरी हिरवा होऊ लागतो, असे त्या मुलखातील लोक सांगतात. बेतवा व जामनी या नद्यांच्या मधल्या भागात १९९४ मध्ये अभयारण्य घोषित झाले. परंतु ओरछ्यातील सर्वांत मोलाचा पक्षी पाहण्यासाठी रानात शिरावे लागत नाही. तो गावाच्या कडेला, राजांच्या समाध्यांवर राहतो.

पुण्यातील वानवडीची शिंदे छत्री ज्यांनी पाहिली आहे त्यांना छत्री म्हणजे काय हे सांगावयास नको. बेतवेकाठच्या बुंदेला राजांच्या छत्र्या त्याहून जुन्या आणि पुष्कळ उंच आहेत. त्यांच्या शिखरांवर, सज्जांवर आणि कोनाड्यांत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. या जातीला मुळात कड्याची कपार लागते; पांढऱ्या पाठीच्या गिधाडाप्रमाणे ती सहसा झाडावर घर करीत नाही. जेथे उंच कडे नाहीत तेथे उंच दगडी इमारत तिला कड्यासारखीच वाटते. चतुर्भुज मंदिराच्या शिखरांचाही त्यांना असाच उपयोग होतो. ज्या गावी राम हा राजा मानला जातो आणि त्याला पोलिसांची मानवंदना दिली जाते, तेथे जटायूच्या गोत्रातील पक्ष्याने वस्ती करावी, याचे भाविकांना कौतुक वाटते; पक्षिशास्त्रज्ञाला मात्र त्यात भिंतीची उंची तेवढी दिसते.

जाणत्या अभ्यासकाबरोबर येथे प्रथमच आलेला मनुष्य आकाशाकडे पाहू लागतो. अभ्यासक त्याला आधी भिंतीकडे पाहावयास सांगतो. काळवंडलेल्या दगडावरून खाली ओघळलेला विष्ठेचा पांढरा पट्टा जेथे असेल, तेथे वरच्या बाजूस बसण्याची जागा किंवा घरटे असण्याचा संभव असतो. सकाळ हीच पाहणीची वेळ. गिधाडाचे शरीर जड. ऊन तापून हवेचे प्रवाह वर चढू लागेपर्यंत ते सहसा जागा सोडीत नाही. म्हणूनच मध्य प्रदेशात गणना करताना सूर्योदयानंतर लवकर, केवळ बसलेले पक्षी मोजण्याची पद्धत आहे. उडणारा पक्षी मोजला तर तो दोन-तीन ठिकाणी पुन्हा मोजला जाण्याची भीती असते. दिवसभरात तो अनेक कोसांचा प्रदेश पालथा घालतो.

घरट्यात अंडे एकच. नर व मादी आळीपाळीने सुमारे दीड महिन्याहून अधिक काळ ते उबवितात, आणि त्यानंतर पिलाला उडता येण्यास आणखी तीन महिने तरी जातात. हिवाळ्याच्या आरंभी सुरू झालेले हे काम उन्हाळ्यापर्यंत चालते. पिलू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. ज्या प्राण्याची वाढ इतकी सावकाश होते, त्याच्या मृत्यूचे प्रमाण थोडे जरी वाढले तरी ती हानी भरून निघत नाही. नेमके तेच घडले.

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८७-८८ च्या हंगामात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या मोजल्या होत्या. १९९६-९७ मध्ये त्यांना १५० च्या आसपास आढळल्या, आणि पुढे काही वर्षांत तेथे एकही घरटे उरले नाही. झाडांवर मान खाली टाकून बसलेले आजारी पक्षी त्यांनी पाहिले. प्रथम साथीच्या रोगाचा संशय होता, कीटकनाशकांचाही होता. उलगडा झाला तो पाकिस्तानात. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की गुरांना वेदनाशामक म्हणून टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध शवाच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते, त्याची मूत्रपिंडे निकामी होतात आणि अंतर्गत अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर साचून ते मरते. शंभर शवांत एकाहूनही कमी शव असे दूषित असले तरी ऱ्हासाला तेवढे पुरेसे होते, असा हिशेब त्याच वर्षी मांडण्यात आला. १९९२ मध्ये जेथे पांढऱ्या पाठीची हजार गिधाडे होती, तेथे २००७ मध्ये एक राहिले. लांब चोचीची शंभरांतील तीनच उरली.

भारतात जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांकडे वळविल्या जात असल्यामुळे २०१५ मध्ये तीन मिलिलिटरहून मोठी कुपी बंद करण्यात आली. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवरही बंदी घालण्यात आली. यांतील प्रत्येक निर्णयास किती वर्षे लागली, हे पाहिले म्हणजे खेद वाटतो; कारण मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असलेले औषध २००६ पासून माहीत होते.

मध्य प्रदेशातील गणनेचा आकडा २०१९ मध्ये ८,३९७ होता आणि २०२१ मध्ये ९,४४६ झाला. तो दिलासा देणारा आहे, पण सावधपणे वाचावयास हवा. हिवाळी गणनेत उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षीही धरले जातात, आणि सगळ्या जातींची बेरीज एका जातीची खरी स्थिती सांगत नाही. ओरछ्याच्या घरट्यांची नोंद म्हणूनच स्वतंत्रपणे ठेवणे अगत्याचे ठरते. हे पक्षी ज्या गाई-म्हशींवर जगतात त्या झाशी व निवाडी अशा दोन्ही जिल्ह्यांत मरतात. तेव्हा ओरछ्यातील पिलाच्या पोटात काय जाईल, हे झाशीकडच्या एखाद्या खेड्यातील औषधाच्या दुकानात लंगडत्या बैलासाठी कोणती कुपी मागितली जाते, यावर अवलंबून असू शकते. मेलॉक्सिकॅम मागणारा गुराखी छत्रीकडे न पाहताही तिच्यावरचे घरटे राखत असतो.

दुसरी अडचण छत्र्यांचीच आहे. वास्तुरक्षकाला विष्ठेचे डाग आणि सांध्यांत रुजलेली पिंपळाची रोपे काढावयाची असतात. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. पक्षिप्रेमी त्याच्याशी भांडतात तेव्हा बहुधा ऋतूचा विचार दोघांच्याही ध्यानात राहत नाही. पावसाळ्याच्या सुमारास बहुतेक घरटी रिकामी असतात, आणि परात व बांबू घेऊन वर चढावयाचे असेल तर ते त्या काळात करता येते. हिवाळ्यात, प्रवाशांच्या गर्दीच्या दिवसांत, वरच्या सज्ज्यावर एक पक्षी अंड्यावर बसलेला असतो आणि दुसरा बेतवेच्या पलीकडून परतण्याची वाट पाहत असतो.