जिल्ह्याच्या शाळा : आधीं काय, मग काय?

घर बांधावयास निघालेला शहाणा गृहस्थ प्रथम विहिरीस पाणी लागतें कीं नाहीं तें पाहतो, मग पाया खणतो, आणि भिंतींस रंग कोणता द्यावा याचा विचार शेवटीं करतो. जिल्ह्यांतील शाळा सुधारावयास निघालेल्या मंडळींकडून मात्र हा क्रम नेहमींच सांभाळला जातो असें म्हणतां येत नाहीं. रंग लांबून दिसतो, पाणी दिसत नाहीं. आणि जें दिसतें तेंच आधीं करण्याचा मोह भल्याभल्यांस आवरत नाहीं.

महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांच्या प्राथमिक शिक्षणाचा मोठा भार जिल्हा परिषदांच्या शिरावर आहे. १९६१ च्या कायद्यानें निर्माण झालेल्या या संस्थांचा कारभार १ मे १९६२ पासून सुरू झाला. जिल्ह्यास शिक्षणाधिकारी, तालुक्यास गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखालीं विस्तार अधिकारी, कांहीं शाळांचा गट मिळून एक केंद्रप्रमुख, आणि सर्वांच्या शेवटीं शाळेंतील मुख्याध्यापक व शिक्षक, अशी ही उतरंड आहे. उतरंडींत साऱ्यांचा भार तळच्या मडक्यावर असतो. येथें तें मडकें म्हणजे वर्गांत फळ्यापाशीं उभा असलेला शिक्षक होय. मागण्या शंभर आणि पैसा मोजका, अशा स्थितींत कोणतें काम आधीं घ्यावयाचें हें ठरविणें हीच जिल्ह्याची खरी परीक्षा ठरते.

पहिला मान कशास द्यावा? तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास साधा मजकूर समजून वाचतां यावा व साधा हिशेब करतां यावा, यास. चौथीपासून भूगोल, विज्ञान, फार काय, गणितांतील उदाहरणेंदेखील वाचूनच समजून घ्यावयाचीं असतात. ज्या मुलास अक्षरें जुळवितां येत नाहींत त्याच्यापुढें पुस्तक मुकें होऊन बसतें. असें मूल बहुधा दंगा करीत नाहीं. तें शेवटच्या रांगेंत निमूटपणें बसतें, फळ्यावरील मजकूर हुबेहूब उतरून काढतें. त्याची वही स्वच्छ असते, आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याची नजर त्याच्यावरून सरळ पुढें निघून जाते.

अशीं मुलें थोडीं नाहींत. ‘असर’ या नांवाची पाहणी २००५ पासून खेड्यांतील घरोघर जाऊन एकेका मुलास वाचावयास लावते. २०२४ सालच्या पाहणींत देशाच्या ग्रामीण भागांतील तिसरीच्या मुलांपैकीं सुमारें २७ टक्के मुलेंच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचूं शकलीं. २०२१ सालीं केंद्र सरकारनें ‘निपुण भारत’ अभियान हातीं घेतलें, तें याच दुखण्यावर. परंतु अभियान दिल्लींत निघालें तरी औषध वर्गांतच पाजावें लागतें. खोल्या मोजतां येतात, बांकें मोजतां येतात, नळ मोजतां येतात. म्हणून अहवालांत तीं पहिल्या पानावर येतात. वाचतां येणारीं मुलें मोजावयाचीं तर प्रत्येकाजवळ बसावें लागतें, आणि तेवढी सवड कोणास नसते.

दुसरा मान शिक्षकाच्या वेळास. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या शिक्षणहक्क कायद्यानें पहिली ते पांचवीसाठीं वर्षांत किमान २०० दिवस व ८०० तास शिक्षण ठरवून दिलें आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असेंही त्यांत आहे. म्हणजे लहान गांवीं दोघांनीं मिळून चार-पांच वर्ग सांभाळावयाचे. त्याच कायद्यानें जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांवांचून अन्य अशैक्षणिक कामें शिक्षकांवर लादण्यास मनाई केली आहे. असें असतांही माहिती भरून पाठविण्याचें काम वर्गाच्या वेळेंत शिरतें. एक शिक्षक तक्ता भरावयास बसला कीं दोन शिक्षकी शाळेंतील अर्धी शाळा पोरकी होते. यास्तव ज्या जिल्ह्यास शिक्षण सुधारावयाचें आहे त्यानें नवा तक्ता मागविण्यापूर्वीं जुने दोन रद्द करावे.

वेळ दिल्यावर साह्यही दिलें पाहिजे. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन सादर केलें, त्यांत प्राथमिक शिक्षक शिकून तयार झालेला असावा, त्यास निदान १२ रुपये वेतन असावें, आणि वर्षांतून एकदां होणारी तपासणी निरुपयोगी असून ती निदान दर तीन महिन्यांनीं व्हावी, असें आग्रहानें मांडलें होतें. वेतनाचा प्रश्न पुढें पुष्कळसा सुटला. भेटीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. केंद्रप्रमुखानें शेरेबुक मागण्याऐवजीं एक तास वर्गांत बसावें, एक पाठ स्वतः घेऊन दाखवावा, म्हणजे तपासणीचें ओझें जाऊन तिला सोबतीचें रूप येईल. सातारा जिल्ह्यांतील कुमठे बीटांत शिक्षक व अधिकारी यांनीं एकत्र काम करून हें कांहीं अंशीं साधलें, आणि तें पाहावयास दूरदूरच्या जिल्ह्यांतून शिक्षक आले.

मग इमारती व सोयी यांस गौण समजावयाचें काय? मुळींच नाहीं. मात्र त्यांतही विवेक हवा. जिच्या अभावीं मूल शाळा सोडतें किंवा शिक्षकाचा तास बुडतो, ती सोय आधीं. पिण्याचें पाणी आणि मुलींसाठीं स्वतंत्र, पाणी असलेलें व स्वच्छ राहणारें शौचालय हें या कसोटीस प्रथम उतरतें. गळकें छप्पर त्याच पंगतींतलें. पावसाळ्यांत दोन वर्ग एका खोलींत कोंबले कीं दोन्ही बुडतात. प्रवेशद्वाराची कमान आणि भिंतींवरील चित्रें यांनीं थोडें थांबावें.

शिवाय एका जिल्ह्याचा क्रम दुसऱ्यास लागू पडेलच असें नाहीं. बीड जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस कुटुंबें निघतात. तेथें मुलांस मागें ठेवतां येईल असें हंगामी वसतिगृह हीच पहिली शाळा. मेळघाटांत मूल कोरकू बोलत येतें, गडचिरोलींत गोंडी. तेथें त्याची घरची भाषा समजणारा शिक्षक हीच पहिली सोय.

हें सारें कागदावर नवें नाहीं. शाळेचा विकास आराखडा पालकांच्या समितीनें करावयाचा, समितींत तीन चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असावयाच्या, असें कायदाच सांगतो. पण मजुरी बुडवून आलेली आई पुष्कळदां अंगठा उठवून परत जाते, कारण तिच्या बाजूनें बोलणारा कोणी नसतो. शहरांतील सुशिक्षित घराण्यांपैकीं कित्येकांची पाटी याच शाळांत प्रथम लिहिली गेली. त्यांचीं मुलें या शाळांतून गेलीं, तेव्हां शाळेचा आवाजही त्यांच्याबरोबर गेला. गांवीं जाणें झालें म्हणजे त्यांनीं मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन घटकाभर वर्गांत बसावें, आणि नव्या रंगाचें कौतुक करण्यापूर्वीं शेवटच्या रांगेंतील मुलास जवळ घेऊन एक उतारा वाचावयास सांगावा. त्यास तो वाचतां आला तर जिल्ह्याचा क्रम बरोबर आहे. नाहीं तर तो बदलावा लागेल, आणि तसें संबंधितांस सांगण्याचें धैर्य ज्यास शिक्षण मिळालें त्यानेंच दाखविलें पाहिजे.