कंद जागेवर राहू द्या

मृगाच्या सुमारास शहरातल्या बायका कर्जतकडच्या आमच्या गटाची परसबाग आणि मागचा माळ बघायला येतात. बागेत शेवगा, अळू, करटोलीचा वेल. माळावर शेवळं, टाकळा, भारंगी.

गेल्या खेपेला एकीने हौसेने शेवळं कंदासकट उपटली. मी बी.ए. झालेली, गटाची समन्वयक, आणि मी तिचा फोटो काढत बसले! गटातल्या आजी मात्र खाली बसल्या, माती उकरून कंद परत पुरले. म्हणाल्या, "अगं, शेवळ मातीलगत कापायचं. कंदच गेला तर पुढल्या साली काय दाखवशील?" मला लाज वाटली. आता फेरी आजीच नेतात आणि जमलेल्या पैशातून त्यांचं मानधन आधी काढतो. त्यावर बैठकीत कुरकुर झाली, ती असो.

शेवळं नेणारीला आजी बजावतात: काकडाची आंबट फळं नाहीतर चिंच घातल्याशिवाय शिजवू नको, घसा खाजेल. (काकड म्हणजे काकडी नव्हे हं, ते झाड आहे.) आणि ओळख पटल्याशिवाय काही तोडू नको. कळलावीचं फूल देखणं, पण कंद विषारी.

पुढची फेरी रविवारी. विळे आमच्याकडे आहेत, तुम्ही पिशवी आणा.