सरड्याच्या घरातील ऊन आणि सावली



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मुभा मला दिली, तेव्हा पाळीव सरड्याचा निवारा आणि त्यातील दिवे यांविषयी बोलावे असे मी ठरविले. हा विषय या व्यासपीठाच्या योग्यतेचा आहे याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. कारण ज्याचा प्राण सूर्याशी इतक्या साक्षात् रीतीने बांधलेला आहे अशा जीवाला जो मनुष्य चार भिंतींआड आणतो, तो त्या जीवापुरता सूर्याचा सारा कारभार आपल्या शिरावर घेतो, आणि तो कारभार कोणत्या ज्ञानाच्या आधारे चालवावयाचा हे ठाऊक नसता त्याला हात घालणे मला तरी अन्यायाचे वाटते.

विवेचनासाठी मी एकच प्राणी घेतो. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रुक्ष मुलखात, क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्सपासून साउथ ऑस्ट्रेलिया व नॉर्दर्न टेरिटरीपर्यंत, खुरट्या झुडपांच्या फांद्यांवर आणि कुरणांच्या कुंपणखांबांवर ऊन खात बसलेला जो सरडा दिसतो, ज्याचे शास्त्रीय वर्णन 1926 साली आल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने केले, आणि ज्याला गळ्याखालच्या काटेरी, रागाच्या भरात काळ्या पडणाऱ्या पिशवीमुळे जगभर ‘बिअर्डेड ड्रॅगन’ म्हणतात, तो हा प्राणी. आपल्या कुंपणावरचा मान डोलावणारा सरडा आणि साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात निळा-नारिंगी गळा फुलविणारा सरडा यांच्याच कुळातील तो आहे. ऑस्ट्रेलियाचे सरकार आपल्या सरीसृपांच्या व्यापारी निर्यातीस परवानगी देत नाही. त्यामुळे अन्य देशांत पाळले जाणारे हे सरडे पिंजऱ्यातच उपजलेल्यांची संतती असतात. कित्येक पिढ्यांनी उघडे आकाश पाहिलेले नाही; तथापि त्यांच्या कातडीची, डोळ्यांची आणि हाडांची घडण अद्याप त्याच प्रखर आकाशाच्या हिशेबाने होते.

सरीसृपांचे रक्त थंड असते, सबब भोवतालची हवा जितकी उष्ण तितके त्यांचे शरीर उष्ण, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघा अमेरिकन संशोधकांनी 1944 साली वाळवंटी सरीसृपांच्या उष्णतेच्या गरजांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने या समजुतीचा पाया काढून घेतला. सरडा उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात स्वतः जा-ये करून आपल्या शरीराचे तापमान आश्चर्यकारक अरुंद मर्यादेत स्थिर राखतो, हे त्यांनी दाखविले. म्हणजे मनुष्याच्या देहात जे काम आतील चयापचय करतो, ते सरड्याच्या बाबतीत त्याचे पाय करतात.

हा व्यवहार जवळून पाहण्यासारखा असतो. सकाळी दिवा लागला तरी बिअर्डेड ड्रॅगन लगेच भक्ष्याकडे धावत नाही. त्याचा रंग त्या वेळी मळकट, काळपट असतो, कारण काळा रंग उष्णता अधिक शोषतो. दिव्याखालच्या दगडावर चढून तो बरगड्या पसरतो, अंग चपटे करतो आणि पाठीचा जास्तीत जास्त भाग किरणांसमोर तिरपा धरतो. मस्तकाच्या मध्यावर एका फिकट खवल्याखाली प्रकाशाची मात्रा जोखणारे एक तिसरे नेत्रसदृश इंद्रिय असते, तेही या वेळी वर रोखलेले असते. यथावकाश पाठीवरची काळोखी उतरते आणि पिवळट-तांबूस छटा वर येते. शरीर सुमारे 35 अंशांच्या पलीकडे तापू लागले की तो जबडा उघडून बसतो. नवखा मालक त्याला क्रोध समजतो, परंतु तोंडातील ओलावा उडवून मस्तक निववण्याची ती युक्ती असते. त्यानेही भागले नाही, की तो उतरून सावलीला जातो.

आता ज्या पेटीत सावलीच नाही, तेथे त्याने जावे कोठे? माझे सारे म्हणणे या एका प्रश्नात साठविलेले आहे. पिंजऱ्यात किती अंश तापमान ठेवावे असे लोक विचारतात, आणि विक्रेतेही एकच आकडा सांगून त्यांची बोळवण करतात; परंतु सरड्याला एक आकडा नको असतो, त्याला आकड्यांची एक उतरंड हवी असते, जिच्यावर आपली जागा तो स्वतः निवडू शकेल. जो मालक ही निवड काढून घेतो, तो कितीही प्रेमळ असला आणि त्याचे दिवे कितीही उंची असले, तरी त्याने प्राण्याचे मुख्य साधनच हिरावून घेतले असे मी म्हणेन.

म्हणूनच लांबीला महत्त्व येते. पूर्ण वाढलेल्या, अर्ध्या मीटरच्या सरड्यासाठी निदान 120 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 60 उंच असा निवारा लागतो. याहून आखूड पेटीत एका टोकाची धग दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचते. एका टोकाला, दिव्याखालील दगडाचा पृष्ठभाग 40 ते 42 अंश असावा. दुसऱ्या टोकाची हवा 24 ते 27. आणि रात्री सर्व दिवे मालवून 18 ते 20 पर्यंत तापमान उतरू द्यावे. धग वरूनच यावी, कारण ती आकाशातून येते एवढेच या प्राण्याला ठाऊक असते. बाजारात मिळणाऱ्या तापत्या कृत्रिम दगडांवर पोट भाजेपर्यंत बसून राहिलेल्या सरड्यांच्या हकिगती पशुवैद्यांना अपरिचित नाहीत. साधा हॅलोजन दिवा या कामी उत्तम, कारण त्याचे अवरक्त किरण उन्हातल्याप्रमाणे स्नायूंपर्यंत शिरतात. परंतु त्यावर थर्मोस्टॅटचा अंमल असलाच पाहिजे. रात्री लाल दिवा लावण्याची प्रथा मात्र समूळ सोडावी. त्या प्राण्याला लाल रंग दिसतो आणि त्याच्या रात्रीचा भंग होतो.

धगीनंतर प्रकाशाकडे वळू, आणि येथे थोडे मागे जाणे इष्ट आहे. 1919 साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या वैद्याने मुडदूस झालेल्या बालकांवर पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचे किरण सोडले आणि त्यांची हाडे पुनश्च घट्ट होताना क्ष-किरणांच्या चित्रांत पाहिली. एकाच हातावर किरण पाडले असता दुसऱ्या हाताची हाडेही सुधारतात, हेही त्याच्या ध्यानी आले. कातडीत काहीतरी उत्पन्न होऊन रक्तावाटे सर्वत्र जाते, असा याचा अर्थ होता. ते द्रव्य म्हणजे जीवनसत्त्व ड. सुमारे 290 ते 315 नॅनोमीटर लांबीच्या जंबुपार किरणांनी कातडीतील एका मेदद्रव्याचे रूप पालटते, आणि पुढे शरीराच्या उबेने त्याचे जीवनसत्त्व बनते. उबेचा हा भाग पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. थंड सरड्यावर पडलेले जंबुपार किरण हे काम रेंगाळत करतात. सबब जंबुपार नळी आणि तापता दिवा एकाच टोकाला असावेत, आणि दुसरे टोक दोन्ही बाबतींत सावलीचे असावे.

हे किरण मिळाले नाहीत तर अन्नातील कॅल्शियम आतड्यातून शोषले जात नाही, आणि परावटू ग्रंथी रक्ताची तूट हाडांतून भरून काढू लागते. अशा पिल्लाचा खालचा जबडा बोटाने दाबला असता लवतो. पुढचे पाय कोपरात बाहेर वळलेले, पायांची बोटे थरथरत असतात. झुरळ समोरून जाते आणि त्याला पोट जमिनीवरून उचलता येत नाही. हा सरड्याचा मुडदूसच होय. जबड्याची ती लव एकदा बोटाला जाणवली की दिव्यांच्या खर्चाविषयी कुरकुर करणारा मनुष्य पुन्हा तसे बोलणार नाही, असा माझा विश्वास आहे.

येथेही निवडीचाच न्याय लागू पडतो. गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मादागास्करच्या शॅमेलियन सरड्यांवर केलेल्या, 2003 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की आहारात जीवनसत्त्व ड कमी मिळालेला प्राणी जंबुपार किरणांत अधिक वेळ बसतो आणि ज्याला ते भरपूर मिळाले तो सावली पत्करतो. पुढे 2010 साली त्याच संशोधकांनी रानातील सरडे व साप स्वेच्छेने किती किरण घेतात याचे मोजमाप करून चार वर्ग पाडले. बिअर्डेड ड्रॅगन तिसऱ्या वर्गात, म्हणजे उन्हात मोकळेपणी बसणाऱ्यांत गणला जातो. त्याच्या बैठकीच्या जागी जंबुपार निर्देशांक सुमारे 3 ते 5 असावा आणि थंड टोकाला तो शून्यापर्यंत उतरावा. नळी पेटीच्या निम्म्या लांबीची, माथ्यावर बसविलेली असावी. बाजूने येणारा प्रकाश भुवईच्या कडेखालून थेट डोळ्यांत शिरतो. मध्ये काच येता कामा नये, कारण साधी काच हे किरण जवळपास पूर्णपणे अडविते. बारीक जाळीही त्यांतला मोठा हिस्सा खाते. शिवाय नळी डोळ्यांना तेजस्वी दिसत असतानाच तिचे जंबुपार बळ ओसरत जाते, म्हणून बहुतेक नळ्या वर्षाच्या आत बदलाव्या लागतात, अथवा मोजणीचे यंत्र जवळ बाळगावे लागते.

आपल्याकडील परिस्थितीविषयी थोडेसे. इकडे पुष्कळ लोक काचेची पेटी खिडकीत ठेवून ऊन दिल्याचे समाधान मानतात. त्यात जंबुपार किरण काचेबाहेर राहतात आणि धग तेवढी आत कोंडते. एप्रिलच्या उन्हात अशी पेटी अल्पावधीत प्राणघातक होते. त्याऐवजी सकाळच्या वेळी, तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात, निम्म्या भागावर पोत्याची सावली धरून आणि घारी-कावळ्यांवर नजर ठेवून त्याला गच्चीवर बसवावे. महाराष्ट्राचे ऊन कोणत्याही नळीहून सरस आहे. सरडा विदेशी असल्यामुळे त्याच्या कायदेशीर खरेदीचे दस्तऐवज दप्तरी असावेत, आणि हौसेपायी कोणी घोरपडीवर हात टाकू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत ती आहे. पावसाळ्यात मात्र गच्ची बंद, आकाश झाकलेले आणि हवा या वाळवंटी प्राण्याला न सोसणारी दमट. तेव्हा नवी नळी जूनपूर्वीच आणून बसवावी, पेटीच्या झरोक्यांवरची धूळ काढून वारा खेळता ठेवावा, पाण्याचे भांडे तापत्या टोकाकडून थंड टोकाला हलवावे, आणि वीज गेली तर थंड सरड्याला खाऊ न घालता दिवा परत लागून तो पुरता उबेपर्यंत थांबावे, कारण उबेवाचून त्याच्या पोटातले अन्न पचत नाही.